फोनच्या बिलातील परभारे कपात : ओळखावी कशी आणि थांबवावी कशी



उसाचे बिल हातात पडले म्हणजे आपण काय करतो? आधी खेपा मोजतो. काट्याच्या पावत्या काढून वजनाचा ताळा घालतो. मग कपातीचा रकाना वाचतो. सोसायटीचे कर्ज किती, पाणीपट्टी किती, ठेव किती, भागाची बाकी किती. एखादी कपात ध्यानात आली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी गट कार्यालयात येऊन बिल टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "ही कशाची कापली?" हा आपला हक्क आहे आणि तो बजावण्यात आपले सभासद कधी मागे राहिलेले नाहीत. त्यामुळेच हिशेब सरळ राहतो, असे आम्ही मानतो.

पण तोच सभासद मोबाईलच्या पैशांच्या बाबतीत मात्र डोळे मिटून बसतो. महिन्याला रिचार्ज मारायचे, पैसे संपले की पुन्हा मारायचे. मध्ये कोणी, कशासाठी, किती कापले हे विचारायचेच नाही. "जाऊ द्या हो, वीस-तीस रुपयांचा प्रश्न," असे म्हणून विषय सोडून द्यायचा. या वीस-तीस रुपयांपायी काय होऊ शकते, याचे एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर घडले. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

विहिरीवरची पेटी मुकी झाली

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. आमच्या गटातील एका वयस्क सभासदाने विहिरीवर मोबाईल ऑटोची पेटी बसवलेली आहे. आता बहुतेकांच्या विहिरीवर ती आहेच. पेटीत एक सिमकार्ड असते. थ्री फेज वीज आली की पेटी घरच्या फोनवर संदेश धाडते, मोटार बंद पडली की तसे कळवते. रात्रपाळीची वीज असताना अंधारात बांधावरून जाण्याचा त्रास या पेटीने वाचवला, हे सर्वांना ठाऊक आहे.

मे महिन्यात या सभासदाची पेटी एकाएकी मुकी झाली. वीज येऊन गेली तरी संदेश नाही. मोटार मध्येच ट्रिप झाली तरी संदेश नाही. आडसाली ऊस पाण्यावर आलेला, वर ऊन रणरणते, आणि पाण्याच्या तीन रात्री फुकट गेल्या. पेटी बिघडली असे समजून मेकॅनिकला बोलावले. त्याने पेटी उघडली, तारा तपासल्या, येण्याजाण्याचे पैसे घेतले आणि सांगितले, "पेटी चांगली आहे. सिममध्ये पैसे नाहीत."

पैसे तर भरलेले होते. मग गेले कुठे? सभासद सिमकार्ड घेऊन गट कार्यालयात आले. आमच्या चिटबॉयने ते आपल्या फोनमध्ये घालून पाहिले. आत न वाचलेल्या संदेशांचा ढीग साचलेला. त्याने एकेक संदेश वाचला आणि विचारले, "आबा, ह्या नंबरवर गाणी लावलीत व्हय?"

आबा म्हणाले, "विहिरीवर गाणी कोण ऐकतंय बाबा! बेडकं?"

सगळे हसले, पण प्रकार हसण्यासारखा नव्हता. कॉलर ट्यूनच्या नावाखाली दर आठवड्याला तीस रुपये, असे नऊ आठवडे, म्हणजे दोनशे सत्तर रुपये त्या सिममधून कापले गेले होते. हे सिम पेटीत घालण्याआधी काही दिवस घरातील नातवाच्या फोनमध्ये होते. पडद्यावर आलेल्या एखाद्या चौकटीवर त्याचे बोट पडले असेल, किंवा पडलेही नसेल. ते शेवटपर्यंत कळले नाही. आबांनी मात्र "मला ही सेवा पाहिजे" असे कोणालाही सांगितलेले नव्हते, एवढे खरे.

त्या पैशांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी हा प्रकार समजून घेऊ.

कपात कोणकोणत्या वाटेने होते

पहिली वाट म्हणजे मूल्यवर्धित सेवा. नाव मोठे आहे, अर्थ साधा आहे. बोलणे, संदेश आणि इंटरनेट सोडून कंपनी जे जादा विकते ते. कॉलर ट्यून, क्रिकेटचे धावफलक, राशिभविष्य, विनोद, खेळ, भजने, बाजारभाव अशा नावांनी या सेवा येतात. यांतील बहुतेक सेवा दुसऱ्याच कंपन्या पुरवतात, फोन कंपनी फक्त आपल्या खात्यातून पैसे कापून देते आणि त्यातला वाटा घेते. सेवा एकदा सुरू झाली की मुदत संपताच आपोआप पुढे चालू राहते. सर्वांत जास्त फसगत होते ती इथेच.

दुसरी वाट म्हणजे आपोआप येणारा फोन. उचलला की गाणे वाजते आणि "हे गाणे आवडले असेल तर एक दाबा" असे सांगतात. मूल फोन हाताळत असेल तर एक दाबले गेलेच म्हणून समजा. पडद्यावर अचानक उमटणारी चौकट हाही याच जातीचा प्रकार. ती घालवण्यासाठी आपण घाईने "ओके" दाबतो आणि तीच आपली संमती धरली जाते.

तिसरी वाट म्हणजे परदेशातील मिस्ड कॉल. एकच घंटी वाजते आणि बंद होते. भारतातील नंबर अधिक ९१ ने सुरू होतो, हा दुसऱ्याच आकड्यांनी सुरू होतो. कोण असेल म्हणून आपण उलट फोन लावला की परदेशी कॉलचा आकार पडतो. पलीकडे कोणीतरी आपल्याला जितका वेळ धरून ठेवील तितका आकडा वाढतो. ही युक्ती जपानात निघाली आणि तिला तिकडे "वांगिरी" म्हणतात, म्हणजे एक घंटी आणि तोडणे. ज्यांची मुले-नातेवाईक परदेशी आहेत त्यांनी विशेष ध्यानात ठेवावे : ओळखीचा नंबर नसेल तर उलट फोन करू नये.

चौथी वाट बिलावर चालणाऱ्या फोनची, म्हणजे पोस्टपेड मोबाईल, लँडलाईन आणि ब्रॉडबँड यांची. योजना बदलली असता जुन्या योजनेचेही भाडे लागते, परत केलेल्या मोडेमचे भाडे चालू राहते, न मागितलेली सेवा "इतर आकार" या ओळीखाली बसते आणि त्या सर्वांवर १८ टक्के जीएसटी चढतो.

पाचवा प्रकार सर्वांत वाईट. आपल्या कागदपत्रांवर भलत्याच माणसाने सिम घेतलेले असते आणि त्याचे बिल किंवा त्याहून मोठे लचांड आपल्या दारी येते. यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाचे "संचार साथी" हे संकेतस्थळ आहे. तेथे आपला नंबर घातला की आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसते आणि जी आपली नाही ती तशी कळवता येते. प्रत्येकाने एकदा तरी हे पाहून घ्यावे.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. सिममधील शिलकीतून किंवा फोनच्या बिलात पैसे गेले तर दाद फोन कंपनीकडे मागायची. बँकेच्या खात्यातून पैसे गेले तर तो वेगळा मामला आहे. तेथे ताबडतोब बँकेला कळवायचे आणि फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर फोन करायचा. तेथे तासाचाही उशीर करू नये.

जुन्या काळीही हे होतेच

आमच्यातील जुन्या मंडळींना टेलिफोन खात्याचे दिवस आठवत असतील. ट्रंक कॉल लावून दिवसभर वाट पाहायची. पुढे एसटीडी आली आणि बिलांचे आकडे पाहून लोकांना घाम फुटू लागला. तेव्हा मोजणीचा मीटर टेलिफोन केंद्रात असे, ग्राहकाच्या घरी नसे. वाटेत खांबावर कोणी तार जोडून बोलला तरी मीटर आपलाच फिरे. म्हणून लोक डबड्याला कुलूप लावीत आणि पुढे पुढे खात्याकडून एसटीडी बंद करून घेत.

आता तार गेली, खांब गेला, पण मूळ अडचण तीच राहिली. मोजणारा तो, कापणारा तो आणि हिशेबाचे बाड ठेवणाराही तोच. आपल्या काट्यावर आपण स्वतः उभे राहून आकडा पाहतो. फोनच्या काट्यावर आपल्याला उभे राहता येत नाही. म्हणूनच पावती मागण्याचा हक्क तेथे अधिक जपावा लागतो.

नियम काय सांगतो

दूरसंचार क्षेत्रावर देखरेख करण्यासाठी १९९७ साली भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. त्यालाच आपण ट्राय म्हणतो. न मागितलेल्या सेवांच्या तक्रारी फार झाल्या तेव्हा ट्रायने २०११ साली आणि पुन्हा २०१३ साली कंपन्यांना स्पष्ट निर्देश दिले. त्यांचे सार असे :

एक. ग्राहकाने एकदा "हो" म्हटले एवढ्यावर सेवा सुरू करून पैसे कापता येत नाहीत. दुसऱ्यांदा वेगळी खात्री करून घ्यावी लागते. दुहेरी संमती असल्याशिवाय कपात नाही.

दोन. सेवा सुरू झाली की तिचे नाव, आकार, मुदत आणि ती बंद करण्याची रीत संदेशाने कळवली पाहिजे.

तीन. सेवा बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांना मिळून एकच फुकट क्रमांक ठरवून दिला आहे : १५५२२३.

चार. सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत ग्राहकाने "ही मला नको" असे कळवले तर कापलेले पैसे परत दिले पाहिजेत. २४ तास उलटले म्हणजे हक्क बुडाला असे मात्र कोणी समजू नये. संमतीच नव्हती, ही तक्रार त्यानंतरही करता येते.

पाच. प्रीपेड ग्राहकालाही आपल्या खर्चाचा तपशील मागता येतो. हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१२ च्या ग्राहक संरक्षण विनियमांप्रमाणे मागील सहा महिन्यांतील कोणत्याही काळाचा बाबवार तपशील कंपनीने दिला पाहिजे आणि त्यासाठी ५० रुपयांहून जास्त आकार घेता येत नाही. म्हणजे ही आपली काट्याची पावतीच झाली.

पैसे कापले गेले तर क्रमाने काय करावे

प्रथम संदेश पुसू नयेत. पुष्कळ लोक "नसती कटकट" म्हणून सगळे संदेश पुसून टाकतात. पण पैसे कापल्याचा संदेश हाच आपला पुरावा असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा. नुसते बटणाचे फोन वापरणाऱ्यांनी तारीख, रक्कम आणि सेवेचे नाव वहीत उतरवून घ्यावे.

दुसरे, त्याच सिमवरून १५५२२३ ला फोन करावा. कोणत्या सेवा चालू आहेत ते ऐकू येते, त्या बंद करण्यास सांगावे. त्याच क्रमांकावर इंग्रजीत "स्टॉप" हा शब्द संदेशाने पाठवला तरी चालते. बंद केल्याचा संदेश येईपर्यंत काम झाले असे समजू नये.

तिसरे, १९८ वर तक्रार नोंदवावी. हा तक्रारीचा फुकट क्रमांक आहे. "सेवा बंद करा" एवढेच सांगून फोन ठेवू नये. "माझ्या संमतीशिवाय सुरू केली, पैसे परत करा, माझी संमती कधी आणि कशी घेतली त्याची नोंद दाखवा," असे तिन्ही स्पष्ट सांगावे. आणि डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीची पोचपावती. तो नसेल तर आपण तक्रार केली याला काही आधारच राहत नाही.

चौथे, पोस्टपेड किंवा लँडलाईनचे बिल असेल तर रागाने सगळेच बिल अडवून ठेवू नये. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती मुदतीत भरावी, वादाची रक्कम कोणती ते लेखी कळवावे आणि निर्णय होईपर्यंत जोडणी तोडू नये अशी त्याच पत्रात मागणी करावी. सगळे बिल थकवले तर कंपनीला आयते कारण मिळते.

कंपनीने दाद दिली नाही तर

पुष्कळदा उत्तर येते, "तुम्हीच सेवा घेतली आहे." येथे बहुतेक सभासद हात टेकतात. हात टेकू नयेत. कंपनीतच वरचा टप्पा आहे, त्याला अपील अधिकारी म्हणतात. तक्रारीचे उत्तर पटले नाही किंवा ठरलेल्या मुदतीत उत्तरच आले नाही, तर ३० दिवसांच्या आत डॉकेट नंबर देऊन अपील करावे. अपिलाला फी नाही. त्याचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा, असा २०१२ चा नियम आहे. अपील फोनवर, ई-मेलने, पत्राने, कसेही करता येते. पत्ता आणि ई-मेल प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर असतो.

काही मंडळी थेट ट्रायला पत्र लिहितात. त्याचा उपयोग होत नाही. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः चालवत नाही. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते. ते कंपनीशी बोलून तडजोडीचा प्रयत्न करतात. केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर दूरसंचार विभागाकडेही तक्रार टाकता येते.

याउपर ग्राहक आयोग आहे. याविषयी एक जुना गैरसमज अजून फिरत असतो, तो दूर केला पाहिजे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला होता की १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात टेलिफोनच्या तंट्यांसाठी लवादाची तरतूद आहे, म्हणून असे तंटे ग्राहक मंचाने ऐकू नयेत. या निकालामुळे कित्येक वर्षे फोनच्या ग्राहकांच्या तक्रारी दाराशीच परत पाठवल्या जात. पुढे अहमदाबादच्या एका ग्राहकाचे प्रकरण उभे राहिले. त्याचे महिन्याचे बिल सरासरी ५५५ रुपये येई. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील एका महिन्याचे बिल एकदम २४,६०९ रुपये ५१ पैसे आले. २०१४ साली तो जिल्हा ग्राहक मंचाकडे गेला. मंचाला अधिकारच नाही, असे कंपनीने म्हटले आणि त्या एका मुद्द्यावर प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी निकाल लागला की फोन कंपनीविरुद्धची तक्रार ऐकण्याचा ग्राहक मंचाला पूर्ण अधिकार आहे. बिल बरोबर की चूक हे त्या निकालाने ठरवले नाही, ते मंचाने पाहायचे होते. पण बंद झालेले दार उघडले, हे त्या ग्राहकाच्या चिकाटीचे फळ. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय मुंबईत की दिल्लीत, याच्याशी आपल्याला देणेघेणे नाही. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र तक्रार झाली पाहिजे. आणि खालच्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाची तक्रार तेथे पक्की ठरते, म्हणून डॉकेट नंबर आणि अपिलाचे उत्तर जपून ठेवावे.

अमेरिकेतील गोष्ट

हे आपल्याकडील अडाण्यांनाच होते, असे कोणी मनात आणू नये. अमेरिकेत या प्रकाराला "क्रॅमिंग" असे नावच पडले आहे, म्हणजे बिलात कोंबणे. तेथेही राशिभविष्य, विनोद आणि फोनच्या घंटीचे सूर यांच्या नावाने महिन्याला सुमारे दहा डॉलर लोकांच्या बिलात घातले जात आणि लोक न पाहताच बिल भरत. अखेर तेथील सरकारी यंत्रणांनी २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत चार सर्वांत मोठ्या मोबाईल कंपन्यांना धरले आणि चौघींकडून मिळून सुमारे ३५ कोटी डॉलरच्या तडजोडी करून घेतल्या. त्यातील मोठा भाग ग्राहकांना परत द्यायचा होता. एकेका घरचे दहा डॉलर म्हणजे किरकोळ गोष्ट. पण ते किती घरांतून गोळा होत होते, हे या आकड्यावरून दिसते. शिकलेले, बिल घरपोच मिळणारे लोकही फसले, कारण कोणी ओळ न ओळ वाचत नव्हते.

घरात एवढे पाळावे

विहिरीवरच्या पेटीतील, ट्रॅक्टरच्या ट्रॅकिंगमधील किंवा कॅमेऱ्यातील सिम कोणी वाचत नाही. म्हणून महिन्यातून एकदा ते काढून साध्या फोनमध्ये घालून संदेश व शिल्लक पाहावी. पाणी द्यायच्या दिवसांत तर पाळी सुरू होण्याआधी पाहावी.

ज्यांना इंटरनेट लागत नाही, किंवा ज्यांचे सिम नुसते पेटीत आहे, त्यांनी फक्त बोलणे आणि संदेश यांची योजना मागावी. अशा वेगळ्या योजना ठेवल्याच पाहिजेत, असे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांवर बंधन घातले आहे. दुकानदार सांगेल तीच योजना घ्यायची असे नाही.

जाहिरातींचे फोन आणि संदेश नको असतील तर १९०९ वर फोन करून नोंद करावी. नोंद करून घेतल्याने "एक दाबा"वाल्यांचा पुष्कळसा उपद्रव कमी होतो.

लहान मुलांच्या हाती फोन देताना मुख्य शिलकीत फार पैसे ठेवू नयेत. न कळलेली चौकट "ओके"ने नव्हे, मागे जाण्याच्या बटणाने घालवावी, हे मुलांना आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही शिकवावे.

अर्जाचा नमुना

लेखी तक्रार करायची झाल्यास मजकूर साधा आणि मुद्द्याचा असावा. सभासदांच्या सोयीसाठी नमुना देत आहोत :

"मी अमुक क्रमांकाचा ग्राहक आहे. माझ्या खात्यातून तारीख ... पासून तारीख ... पर्यंत ... या सेवेच्या नावाने एकूण रुपये ... कापले आहेत. ही सेवा मी मागितलेली नाही आणि तिला दुहेरी संमती दिलेली नाही. तारीख ... रोजी मी तक्रार केली, तिचा डॉकेट क्रमांक ... आहे. तरी (१) सेवा कायमची बंद करावी, (२) कापलेली सर्व रक्कम परत करावी, (३) माझी संमती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने घेतली त्या नोंदीची प्रत द्यावी. लेखी उत्तर मिळावे, ही विनंती."

खाली सही, तारीख, पत्ता. एक प्रत आपल्याजवळ. एवढे पुरे. रागाची भाषा लिहू नये. तिने काम होत नाही.

आबांच्या पैशांचे काय झाले

आबांची सेवा १५५२२३ ला फोन करताच त्याच दिवशी बंद झाली. पैशांबद्दल मात्र पहिले उत्तर ठरलेलेच आले : तुम्हीच सेवा घेतली. आम्ही अपील लिहून दिले आणि त्यात संमतीची नोंद मागितली. नोंद काही आली नाही. महिन्याभराने दोनशे सत्तर रुपये सिममध्ये जमा झाल्याचा संदेश आला.

तेव्हा कार्यालयात बसलेले एक जण म्हणाले, "दोनशे सत्तर रुपयांपायी एवढी यातायात? तेवढ्या वेळात दोन वाफे भिजले असते."

आबा म्हणाले, "त्या दोनशे सत्तरांनी माझं तीन रात्रीचं पाणी खाल्लं. पैसं परत आलं, पाणी आलं का?"

यावर कोणी काही बोलले नाही. त्या तीन पाळ्यांनी वजनात किती घट आली हे कोणाला मोजून सांगता येणार नाही. पण ऐन मे महिन्यात पाण्यावर आलेला ऊस तीन रात्री कोरडा राहिला म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ती भरपाई कोणत्याही संदेशाने जमा होत नाही.

म्हणून आमची विनंती अशी. हा अंक हातात आहे तोच आपला फोन उघडा आणि गेल्या महिन्यातील कपातीचे संदेश वाचा. पेटीतील सिम उद्याच काढून पाहा. काही संशयास्पद दिसले आणि स्वतःला जमत नसेल, तर बिल किंवा फोन घेऊन आपल्या गट कार्यालयात या. १५५२२३ ला फोन लावून देणे, डॉकेट नंबर लिहून देणे आणि अर्जाचा मजकूर तयार करणे एवढी मदत कार्यालयातील मंडळी जरूर करतील. येताना संदेश मात्र पुसून येऊ नये.